हिमालयातील ओझ्याची नोंदवही

वसंत व्याख्यानमालेला हिमालय हा विषय नवा नाही. तेथील तीर्थे, तेथील शिखरे आणि तेथील सरहद्द ह्यांवर अधिकारी वक्त्यांनी पुष्कळ सांगितले आहे. मला तो अधिकार नाही. माझे आयुष्य कामगार संघटनेच्या कामात गेले आणि त्या कामाने एक सवय लावली. कोणतेही मोठे काम दिसले की ते कोणाच्या हातून झाले, त्याला काय मिळाले आणि त्याचे नाव कोठे लिहिले गेले, हे आधी विचारायचे. हेच तीन प्रश्न हिमालयातील वाटांना विचारले तर काय उत्तर मिळते, ते आज आपल्यापुढे मांडायचे आहे.

प्रथम आजची गोष्ट घेऊ. उन्हाळ्याची सुटी लागली की महाराष्ट्रातील पुष्कळ तरुण-तरुणी, आणि अलीकडे निवृत्त झालेली मंडळीही, हिमालयात पदभ्रमणाला जातात. सह्याद्रीत प्रत्येकजण आपली पिशवी आपल्याच पाठीवर टाकतो. हिमालयातील उंचावरच्या आठ-दहा दिवसांच्या वाटेवर ते जमत नाही. तेथे वाटाड्या लागतो, तंबू लागतात, धान्य आणि इंधन लागते. पहाटे तंबूच्या दाराशी चहाचा पेला येतो. न्याहारी करून पाहुणे चालू लागतात. त्यांच्या मागे तंबू उपटले जातात, भांडी घासली जातात, सगळा संसार बांधून खेचरांवर किंवा माणसांच्या पाठीवर चढतो. तासा-दोन तासांत ही ओझेवाली माणसे पाहुण्यांना वाटेत गाठतात आणि पुढे निघून जातात. पाहुणे दमून भागून मुक्कामावर पोचतात, तो तंबू उभे असतात आणि गरम सार तयार असते. पाहुण्यांना ही जादू वाटते. पण जादू म्हणून ज्याचे कौतुक होते त्याची मजुरी सहसा कमी असते, हा आमच्या व्यवसायातला अनुभव आहे. म्हणून ह्या जादूचा इतिहास पाहिला पाहिजे.

हा इतिहास कुमाऊंपासून सुरू करू. बागेश्वर हे सरयू आणि गोमती ह्या नद्यांच्या संगमावरचे गाव. पिंडारी हिमनदीकडे जाणारी जुनी प्रसिद्ध वाट येथूनच वर चढते. इंग्रजांनी १८१५ साली कुमाऊं घेतला, तेव्हा त्या मुलुखात गाडीरस्ते नव्हते. साहेबाचा दौरा, मोजणीदारांची छावणी, शिकारीची हौस, ह्या सर्वांचे सामान माणसाच्या पाठीवरूनच जायचे. त्यासाठी जुन्या राजवटींची वेठ इंग्रजांनी पक्की व्यवस्थित केली. तिचे तीन प्रकार होते. कुली-उतार म्हणजे नाममात्र मजुरीवर सक्तीने ओझे वाहणे. कुली-बेगार म्हणजे मजुरीवाचून वाहणे. आणि कुली-बर्दायश म्हणजे दौऱ्यावरच्या साहेबाच्या तळाला दूध, धान्य, लाकूडफाटा पुरवणे. जमीन कसणाऱ्या प्रत्येक घरावर ही पाळी असे, आणि कोणाची पाळी कधी, ह्याची नोंदवही गावच्या प्रधानाजवळ असे. ही पहिली नोंदवही आपण लक्षात ठेवू. तिच्यात माणसाचे नाव होते, पण ते त्याच्या हक्कासाठी लिहिलेले नव्हते. त्याला हुडकून काढून ओझ्याखाली उभे करता यावे, एवढ्याचसाठी ते लिहिले होते.

ज्या ठिकाणी नाव लिहिले गेले असते तर त्या माणसाचा मान झाला असता, तेथे मात्र ते गळले. पिंडारी हिमनदीच्या माथ्यावरून जोहार खोऱ्यात उतरणारी एक अवघड खिंड आहे. तिला कुमाऊंचा कमिशनर ट्रेल ह्याचे नाव आहे. १८३० साली ह्या खिंडीतून पार जाणारा माणूस होता सुपी गावचा मलकसिंग. स्थानिक लोक त्याचे नाव सांगतात, नकाशा ट्रेलचे सांगतो. दुसरे उदाहरण स्पितीतील शिल्ला शिखराचे. १८६० साली मोजणी खात्याच्या एका खलाशाने ह्या शिखरावर खुणेचा खांब रोवला. तेव्हाच्या हिशेबाने ते शिखर २३,००० फुटांहून उंच होते, म्हणजे मनुष्य पोचला त्यातली ती सर्वांत उंच जागा ठरली आणि पुढे कित्येक वर्षे ती तशीच मानली गेली. नंतरच्या मोजणीत शिखर सुमारे २०,००० फुटांचेच निघाले. आकडा दुरुस्त झाला, पण खांब रोवणाऱ्याचे नाव काही मिळाले नाही. खात्याच्या लेखी तो एक खलाशी होता, आणि खलाशाचे नाव लिहून ठेवावे असे कोणाला वाटले नव्हते.

ही वेठ संपली कशी, ते प्रत्येक संघटनेच्या कार्यकर्त्याने वाचावे असे आहे. १९१६ साली कुमाऊं परिषद स्थापन झाली. अल्मोड्याच्या ‘शक्ति’ साप्ताहिकाचे संपादक बद्रीदत्त पांडे ह्यांनी बेगारीविरुद्ध लेखणी चालवली. अर्ज झाले, विनंत्या झाल्या, काही सवलतींची आश्वासने मिळाली. मग १४ जानेवारी १९२१ रोजी, उत्तरायणीच्या जत्रेत, बागेश्वरला हजारो लोक जमले. बागनाथाच्या देवळापाशी सरयूचे पाणी हातात घेऊन त्यांनी शपथ वाहिली की यापुढे बेगार देणार नाही. आणि गावोगावच्या प्रधानांनी आणलेल्या त्या नोंदवह्या सरयूच्या पात्रात फेकून देण्यात आल्या. गोळीबार झाला नाही, रक्त सांडले नाही. सरकारला ती प्रथा गुंडाळावी लागली. गांधीजींनी ह्या घटनेचे महत्त्व ओळखून तिचा गौरव केला आणि १९२९ साली ते स्वतः बागेश्वरला जाऊन आले.

ह्यात चतुराई आहे ती नोंदवही बुडवण्यात. साहेबाला दगड मारला असता तर शंभर शिपाई आले असते. वहीच गेली तेव्हा कोणाला बोलवायचे, हेच सरकारला कळेना. ओझे त्यानंतरही वाहिले गेले आणि आजही त्या वाटेवर वाहिले जाते; पण ते मजुरीचे काम झाले, आणि नाही म्हणण्याचा अधिकार माणसाला मिळाला.

त्याच १९२१ सालच्या मे महिन्यात हिमालयाच्या दुसऱ्या टोकाला, दार्जिलिंगहून, एव्हरेस्टच्या पाहणीसाठी पहिली इंग्रज मोहीम निघाली. येथे सक्ती नव्हती, गरज होती. नेपाळच्या सोलुखुंबु भागातून शेर्पा लोक कामाच्या शोधात दार्जिलिंगला येत. शेर्पा म्हणजे पूर्वेकडचे लोक. रस्तेबांधणी, मालवाहतूक, जे पडेल ते काम ते करीत. अलेक्झांडर केलस नावाच्या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने १९०७ पासून सिक्कीमच्या पहाडात त्यांना बरोबर घेतले आणि बर्फावर चढण्याच्या कामी ह्यांच्यासारखी माणसे नाहीत, हे प्रथम ओळखून लिहून ठेवले. हा केलस १९२१ च्या मोहिमेतच वाटेत वारला. पण त्याने दाखवलेल्या वाटेने दार्जिलिंग हा मजुरांचा बाजार बनला.

दुसऱ्याच वर्षी ह्या बाजाराची किंमत दिसली. ७ जून १९२२ रोजी नॉर्थ कोल ह्या खिंडीखालच्या उतारावर ताजा बर्फ पडलेला असताना तीन इंग्रज आणि चौदा ओझेवाले वर चढत होते. हिमकडा सुटला. नऊजण वाहून गेले, त्यांतले दोन वाचवता आले, सात मेले. सातही ओझेवाले होते. थांके, सांगे, टेंबा, ल्हाक्पा, पासांग, नोर्बू आणि पेमा ही त्यांची नावे. एव्हरेस्टने घेतलेले हे पहिले मोठे बळी. त्या दोरावर असलेला डॉक्टर सॉमरव्हेल हा सहृदय माणूस होता. पुढे त्याने दक्षिणेत त्रावणकोरच्या मुलुखात जवळजवळ चाळीस वर्षे रुग्णसेवा केली. आपल्यापैकी एखादा त्या सातांबरोबर मेला असता तर बरे झाले असते, अशी खंत त्याने लिहून ठेवली आहे. ती खंत खरी होती ह्यात शंका नाही. पण धोक्याची वाटणी कशी व्हावी, हा प्रश्न त्या खंतीने सुटत नव्हता. उतार घातक आहे की नाही, हे ठरवणारे वेगळे होते आणि त्या उतारावरून पुन्हा पुन्हा ओझी नेणारे वेगळे होते.

ह्यानंतरच्या तीस वर्षांत एकनिष्ठेच्या कथा पुष्कळ घडल्या. १९३४ साली नंगा पर्बतावर जर्मन मोहीम वादळात सापडली. नेता मर्कल, त्याचे दोन सहकारी आणि सहा शेर्पा थंडीने व उपासमारीने मेले. मर्कलपाशी गे-ले नावाचा शेर्पा शेवटपर्यंत राहिला. दोघांचे देह १९३८ साली सापडले. आंग त्सेरिंग हा शेर्पा मात्र त्या वादळातून एकटा खाली आला, वर अडकलेल्यांची खबर घेऊन. तीनच वर्षांनी, १९३७ साली, त्याच पर्वतावर एका रात्रीत हिमकड्याखाली सात जर्मन आणि नऊ शेर्पा गाडले गेले. १९३९ साली के-टू शिखरावर एक अमेरिकन गृहस्थ वर एकटा अडकला. त्याला आणण्यासाठी पासांग किकुली, पासांग कितार आणि फिन्सू हे तीन शेर्पा वर गेले, ते परत आले नाहीत.

ह्या कथा वाचताना डोळे पाणावतात आणि पाणावले पाहिजेत. परंतु आमच्या धंद्यात एक गोष्ट शिकलो आहे. मालक जेव्हा नोकराच्या निष्ठेची फार स्तुती करू लागतो, तेव्हा त्याच्या पगारपत्रकावर नजर टाकावी. १९३५ साली तेनझिंग नोर्गे नावाचा विशीतला पोरगा दार्जिलिंगला एव्हरेस्टच्या मोहिमेत प्रथम निवडला गेला. जुन्या मोहिमेचा दाखला त्याच्यापाशी नव्हता. शिप्टन ह्या नेत्याला पोर आवडले म्हणून घेतले. त्याची मजुरी दिवसाला बारा आणे ठरली, बर्फरेषेच्या वर गेल्यावर एक रुपया. म्हणजे प्राण धोक्यात घालण्याचा जादा मोबदला दिवसाला चार आणे. तेनझिंगने पुढे सांगितले आहे की ही रक्कम त्याला त्या वेळी मोठी वाटली. गरिबाला ती मोठीच वाटते, आणि त्याच्या वाटण्यावरच दर ठरत असतो.

आता दुसऱ्या नोंदवहीकडे येऊ. १९२८ साली हिमालयन क्लब स्थापन झाला. ही संस्था आजही चालू असून तिचे मुख्य कार्यालय आता मुंबईत आहे. क्लबच्या दार्जिलिंगच्या चिटणीसाकडे ओझेवाल्यांची नोंद असे: कोण, कोणत्या मोहिमेत होता, किती उंचीवर गेला, वागणूक कशी. मोहिमेने हवी तेवढी माणसे मागवावी, चिटणीसाने ती निवडून द्यावी. उंचावर उत्तम काम करणाऱ्यांना १९२४ पासून ‘टायगर’ म्हणू लागले आणि पुढे क्लबने त्यासाठी बिल्लाही काढला. ही वही कुमाऊंच्या वहीहून कितीतरी सुधारलेली होती. तीत सक्ती नव्हती, अनुभवाला मान होता, मजुरीला दर होता. क्लबच्या काही चिटणीसांनी ओझेवाल्यांसाठी मनापासून खटपट केली. तरीही वही मागणाऱ्याच्या बाजूची होती. कोणाचा शेरा चांगला, कोणाचा वाईट, हे साहेब लिहीत असे. साहेबाची वागणूक कशी होती, ह्याचा शेरा लिहायला त्या वहीत रकाना नव्हता.

तो रकाना १९५३ साली उघडला गेला. एव्हरेस्टच्या विजयाचे ते वर्ष. मार्चमध्ये मोहीम काठमांडूला जमली. इंग्रज सभासदांची सोय वकिलातीत चांगल्या खोल्यांत झाली आणि शेर्पांना मोटारी ठेवण्याच्या जागेत जमिनीवर झोपायला सांगण्यात आले. तेथे शौचाचीही सोय नव्हती. सकाळी शेर्पांनी त्या जागेसमोरच्या रस्त्यावरच उभे राहून आपली अडचण भागवली आणि निषेध नोंदवला. सभ्य समाजात ही गोष्ट सांगू नये असे कोणाला वाटेल. पण ज्या कारखान्यात कामगारांना मुतारी नाही त्या कारखान्याच्या फाटकावर ज्याने सभा घेतली आहे, त्याला ह्या निषेधाची भाषा परकी वाटणार नाही. पुढे कपड्यांवरून तंटा झाला. उंचावर वापरायचे कपडे व साहित्य मोहिमेनंतर शेर्पांकडेच राहावे, ही चाल पूर्वीपासूनची. ते परत द्यावे लागणार असे कळल्यावर कुरबूर वाढली. ह्या साऱ्यांत मध्ये उभा होता सरदार तेनझिंग. एका बाजूला त्याची माणसे आणि दुसऱ्या बाजूला मोहिमेचे अधिकारी. शिखरावर पाऊल ठेवण्याआधी त्याने ही चढण चढलेली होती.

२९ मे १९५३ रोजी तेनझिंग आणि हिलरी माथ्यावर पोचले. हिलरी आणि मोहिमेचे नेते हंट ह्यांना ‘सर’ किताब मिळाले, तेनझिंगला जॉर्ज पदक मिळाले. ह्या भेदावर तेव्हा पुष्कळ चर्चा झाली. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती दार्जिलिंगमधील शेर्पांची संघटना. धार्मिक व सामाजिक कामासाठी निघालेल्या शेर्पांच्या जुन्या मंडळातून गिर्यारोहक शेर्पांची संघटना उभी राहिली आणि तेनझिंग तिचा अध्यक्ष झाला. मोहिमांना माणसे पुरवण्याचे काम संघटनेने स्वतः करावे, मजुरीचे दर वाढवून घ्यावे, जखमी झालेल्यांना आणि मेलेल्यांच्या कुटुंबांना योग्य भरपाई मिळवून द्यावी, असा तिचा कार्यक्रम होता. म्हणजे तेनझिंगने कामगार संघटनाच काढली होती. शिखरावर चढलेल्या तेनझिंगचे चित्र घरोघर लागले. मजुरीचे दर मागणाऱ्या तेनझिंगचे चित्र कोणी लावले नाही. हिमालयन क्लबशी संघटनेचे मतभेद झाले ते नेमके ह्याच मुद्द्यावर: नावांची वही कोणाच्या हाती असावी?

१९५४ च्या नोव्हेंबरात दार्जिलिंगला हिमालयन गिर्यारोहण संस्था निघाली आणि तेनझिंग तिचा क्षेत्रशिक्षण प्रमुख झाला. काही शेर्पांना तेथे शिक्षकाची कायमची पगारी नोकरी मिळाली. पंडित नेहरूंच्या पुढाकाराने झालेले हे काम मोठे आहे. परंतु नोकरी मिळाली थोड्यांना, आणि ओझे राहिले पुष्कळांचे.

येथवर मोहिमांची कथा झाली. आजच्या पदभ्रमणाचा जन्म त्यातूनच झाला आहे. जिमी रॉबर्ट्स हा गुरखा पलटणीतला निवृत्त अधिकारी. १९५३ च्या मोहिमेत प्राणवायूच्या नळकांड्यांची मागाहूनची तुकडी त्यानेच नेली होती. १९६४ साली त्याने काठमांडूला ‘माउंटन ट्रॅव्हल’ ही संस्था काढली आणि दुसऱ्या वर्षी तीन अमेरिकन स्त्रियांना एव्हरेस्टच्या बाजूला फिरवून आणले. कल्पना साधी होती. शिखर वगळायचे आणि मोहिमेतील बाकी सर्व ठेवायचे. सरदार, आचारी, त्याचे मदतनीस, ओझेवाल्यांची रांग, तंबू, सकाळचा चहा. पाहुण्याने पैसे भरावे, चालावे आणि पाहावे. ही पद्धत इतकी चालली की पुढे नेपाळात, कुमाऊं-गढवालात, हिमाचलात आणि सिक्कीममध्ये तिचाच कित्ता गिरवला गेला.

मोहिमेची मांडणी जशीच्या तशी आली, तेव्हा मोहिमेतील वर्गही आले. फरक एवढाच की ओझे एका पायरीने खाली सरकले. शेर्पा आता सरदार झाला, वाटाड्या झाला, काही जण संस्थांचे मालक झाले. पाठीवरचे ओझे आले तामांग, राई, मगर अशा मधल्या डोंगरातील गरीब शेतकऱ्यांकडे. पाहुणे मात्र प्रत्येक ओझेवाल्याला शेर्पाच समजतात, आणि ह्या गैरसमजाने माणसे मरतात. शेर्पा पिढ्यान्पिढ्या उंचावर राहिलेला असतो. २०१० मधील संशोधनात तिबेटी लोकांच्या रक्तात विरळ हवेशी जमवून घेणारा आनुवंशिक गुण सापडला. शेर्पा हे त्यांचेच जवळचे भाऊबंद. पण खालच्या खोऱ्यातला तामांग तुमच्याआमच्यासारखाच असतो. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची रोज ५०० मीटरपेक्षा अधिक वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावे, हा नियम पाहुण्याला पाठ करवतात. हाच नियम ओझेवाल्याच्या फुप्फुसालाही लागू आहे. तो न पाळल्यास फुप्फुसांत किंवा मेंदूत पाणी साठते आणि माणूस एका रात्रीत दगावतो. पाहुणा आजारी पडला तर घोडा किंवा हेलिकॉप्टर येते. ओझेवाला आजारी पडला तर त्याचा हिशेब करून त्याला एकट्याला खाली पाठवल्याच्या हकिगती नेपाळात इतक्या झाल्या की १९९७ साली ओझेवाल्यांच्या संरक्षणासाठी एक आंतरराष्ट्रीय मंडळ काढावे लागले.

ओझे किती असते? २००५ साली काही शास्त्रज्ञांनी नामचे बाजारच्या वाटेवर मालवाहू माणसांना तोलून पाहिले. पुरुष सरासरीने स्वतःच्या वजनाच्या ९३ टक्के आणि स्त्रिया ६६ टक्के भार वाहत होत्या. पाठीवर डोको म्हणजे बांबूची टोपली, कपाळावरून घेतलेला नाम्लो म्हणजे पट्टा, आणि हातात टेकू म्हणून आखूड काठी. थोडे चालायचे, काठीवर टोपली टेकवून श्वास घ्यायचा, पुन्हा चालायचे. ह्या पद्धतीत शक्ती आश्चर्यकारक रीतीने कमी खर्च होते, असे शास्त्रज्ञांना आढळले. आता ह्या शोधाचा अर्थ दोन तऱ्हांनी लावता येतो. एक म्हणतो, ही माणसे निसर्गानेच ओझ्यासाठी घडवली आहेत. दुसरा म्हणतो, हे पिढ्यांनी कमावलेले कसब आहे आणि कसबाला कसबाचा दर मिळाला पाहिजे. पहिला अर्थ आम्ही गिरणीच्या काळापासून ऐकत आलो आहोत. ह्याला उष्णता सोसते, त्याला धूळ सोसते. सोसणे हे मजुरी कमी देण्याचे कारण कधीपासून झाले?

आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने १९६७ साली ओझ्याच्या कमाल वजनासंबंधी ठराव केला आणि प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोंची मर्यादा शिफारशीत घातली. ती सपाट जमिनीवरच्या गोदामालाही लागू आहे. पातळ हवेत आणि घसरत्या वाटेवर ती याहून कितीतरी खाली आली पाहिजे, हे सांगायला शास्त्रज्ञ नको.

येथे महाराष्ट्राकडे वळणे भाग आहे, कारण ह्या प्रश्नाचे एक उत्तर आपल्याकडे शोधले गेले. बाजारपेठेतील माथाडी कामगाराची अडचण काय होती? सकाळी एका पेढीचा माल, दुपारी दुसरीचा. मालक एक नाही, काम रोजचे नाही, तेव्हा कायदा कोणता लावणार, असे विचारून व्यापारी मोकळे होत. अण्णासाहेब पाटलांच्या नेतृत्वाखाली माथाडींनी लढा दिला आणि १९६९ साली माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला. कामगारांची नोंद मंडळाकडे, मालकाचीही नोंद मंडळाकडे, मजुरी मंडळामार्फत, आणि मजुरीवर मालकाकडून घेतलेल्या जादा आकारातून भविष्यनिधी, सुटी, उपदान. ही तिसरी नोंदवही. तीत दोष शिरले, तंटे झाले, ते मी नाकारत नाही. पण जिच्यात नाव लागल्याने ओझेवाल्याचे बळ वाढते अशी ती वही होती. हिमालयातील ओझेवाल्याची स्थिती हुबेहूब माथाडीसारखी आहे. हंगामी काम, दर आठवड्याला वेगळी टोळी, वेगळा ठेकेदार. जे लोखंडबाजारात होऊ शकले ते पहाडात होणार नाही, असे मानायला कारण नाही.

पहाडातील माणसाने स्वतःही हे ओळखले आहे. १८ एप्रिल २०१४ रोजी एव्हरेस्टखालच्या खुंबु हिमप्रपातात सोळा नेपाळी कामगार बर्फाखाली मेले. सरकारने प्रथम जाहीर केलेली मदत होती चाळीस हजार नेपाळी रुपये. शेर्पांनी तळावरच सभा घेतली, मागण्यांचे पत्रक तयार केले आणि त्या हंगामात वर जाण्यास नकार दिला. नेपाळच्या बाजूच्या जवळजवळ सर्व मोहिमा परतल्या. त्यानंतर उंचावरील कामगाराच्या विम्याची किमान रक्कम दहा लाखांवरून पंधरा लाख नेपाळी रुपये झाली. मागितले होते वीस लाख. १९२२ ते २०१४ ही ब्याण्णव वर्षे मनात ठेवून ह्या पाच लाखांच्या वाढीकडे पाहावे. सात माणसे मेली तेव्हा खंत मिळाली. सोळा मेली आणि उरलेल्यांनी हात आवरले, तेव्हा दर बदलला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात अन्नपूर्णेच्या वाटांवर अवेळी बर्फ पडून चाळीसहून अधिक माणसे गेली. त्यांत पाहुणे होते, वाटाडे होते, ओझेवाले होते. बर्फाने भेद केला नाही. भेद होता तो कोणाच्या अंगावर किती कपडे होते आणि कोणाच्या घरी नंतर काय पोचले, ह्यात.

आपल्या देशात दुसराच प्रश्न उभा राहिला आहे. गर्दीने उंचावरची कुरणे, म्हणजे बुग्याळे, तुडवली जाऊ लागली. ऑगस्ट २०१८ मध्ये उत्तराखंडच्या उच्च न्यायालयाने बुग्याळांत रात्रीचा मुक्काम करण्यास मनाई केली. आली आणि बेदनी ह्या कुरणांवरून रूपकुंडाला जाणारी तंबूंची वाट त्यामुळे बंद पडली. कुरणे वाचलीच पाहिजेत. पण वाण आणि लोहाजंगसारख्या गावांतील खेचरवाले, आचारी आणि ओझेवाले ह्यांची पोटे त्याच वाटेवर होती. गवत तुडवले पाहुण्यांच्या गर्दीने, ठेका होता दूरच्या शहरातील संस्थांचा, आणि हंगाम गेला गावकऱ्यांचा. नियम करताना ज्याच्या पाठीवर त्याचा भार पडणार त्यालाही विचारावे, हे कुमाऊंने १९२१ सालीच सांगून ठेवले होते.

नेपाळने १ एप्रिल २०२३ पासून एकट्या परदेशी पदभ्रमणाला बंदी करून परवानाधारक वाटाड्या सक्तीचा केला. वाटाड्याला त्याने काम मिळेल. पण वाटाड्याच्या मागून येणाऱ्या टोपलीचे काय, हा प्रश्न उरतोच.

तेव्हा आपण काय करावे? पुढच्या उन्हाळ्यात जी मंडळी हिमालयात जाणार आहेत, त्यांनी पैसे भरण्यापूर्वी संस्थेला पाच प्रश्न विचारावे. ओझे काट्यावर तोलून देता की अंदाजाने, आणि मर्यादा किती? रात्री ओझेवाला कोठे झोपतो आणि त्याच्या अंगावर काय असते? त्याचा विमा आहे का, आणि असल्यास कागद दाखवता का? तो आजारी पडला तर त्याच्याबरोबर खाली कोण जाते? त्याची मजुरी ठेकेदाराच्या हातातून किती कापून त्याच्यापर्यंत पोचते? हे प्रश्न विचारल्याने सहलीचा आनंद कमी होत नाही. गिऱ्हाईक विचारते म्हटल्यावर संस्था उत्तर तयार ठेवू लागतात, हा बाजाराचा नियम आहे, आणि त्याचा उपयोग कामगाराच्या बाजूने करता येतो.

ह्यापुढे जाऊन गिर्यारोहण मंडळांनी, आणि महाराष्ट्रात अशी चांगली मंडळे पुष्कळ आहेत, पहाडातील कामगारांच्या संघटनांशी संबंध ठेवावा. त्यांनी ठरवलेला दर मान्य करावा. माथाडी मंडळासारखी नोंद उत्तराखंडात आणि हिमाचलात व्हावी म्हणून त्यांच्या मागणीला आपला आवाज द्यावा.

आणि एक काम तर उद्यापासून करता येईल. प्रवासाहून आल्यावर आपण स्मरणिका छापतो, त्यात सभासदांची नावे आद्याक्षरांसह देतो. त्याच पानावर वाटाड्याचे, आचाऱ्याचे आणि प्रत्येक ओझेवाल्याचे नाव, त्याच्या गावासह आणि त्याच्या संमतीने, छापावे. शिल्ला शिखरावर खांब रोवणारा खलाशी आपण आता शोधू शकत नाही. ह्या वर्षी आपले तंबू वाहणारा माणूस मात्र आपल्यासमोर उभा असेल; त्याला नाव विचारावे आणि ते नीट लिहून घ्यावे.